कोशेर भेट आणि जालन्याची मोसंबी

बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्याचे व्यवहार फार पूर्वीपासून जिल्ह्याच्या सीमेबाहेर पोहोचलेले आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा या शहराचे नाव जगभरच्या कृषिक्षेत्रात झाले. संकरित बियाणे, ठिबक सिंचन आणि फळबागांचे तंत्र यांच्या निमित्ताने महाराष्ट्राचा संबंध ज्या देशांशी वाढत गेला, त्यांत इस्रायलचे स्थान महत्त्वाचे आहे. भारत आणि इस्रायल यांच्यात १९९२ साली पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि पुढे दोन्ही देशांच्या संयुक्त कृषी प्रकल्पातून नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे, राहुरीला डाळिंबाचे, तर जालन्याच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरला केशर आंब्याचे गुणवत्ता केंद्र उभे राहिले. त्यामुळे जालन्यातील एखाद्या बियाणे उत्पादकाचा, बागायतदाराचा किंवा यंत्रसामग्रीच्या व्यापाऱ्याचा ज्यू व्यावसायिकाशी संबंध येणे आता अपवादात्मक राहिलेले नाही.

संबंध आला की भेटही आली. दिवाळीत मिठाईचा पुडा, सुकामेव्याचा डबा किंवा फराळ पाठवणे हा येथील व्यापारी शिष्टाचारच आहे, आणि पाहुणा धर्मनिष्ठ ज्यू असेल तर त्याला चालेल असे काय द्यावे, हा प्रश्न तेथे उभा राहतो. ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार ग्राह्य ठरणाऱ्या अन्नाला कोशेर म्हणतात. जालन्याच्या व्यापारी वर्गात मारवाडी आणि जैन कुटुंबांचा मोठा वाटा असल्यामुळे, भेट शुद्ध शाकाहारी आहे म्हणजे ती कोणालाही निःशंकपणे देता येते, अशी समजूत सहज होते. कोशेरच्या बाबतीत ही समजूत अपुरी पडते. मात्र नेमके काय पाहायचे हे एकदा ध्यानात आले, तर जालन्याच्या मातीत पिकणाऱ्या अगदी साध्या वस्तूच महागड्या मिठाईपेक्षा कितीतरी योग्य ठरतात.

कोशेर नियमांचे मूळ तोरा या ज्यू धर्मग्रंथात, विशेषतः लेवीय आणि अनुवाद या त्याच्या दोन पुस्तकांत आहे. खूर दुभंगलेले असून रवंथ करणारा प्राणी चालतो, म्हणून गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ग्राह्य, तर डुक्कर आणि उंट वर्ज्य; मासा पर आणि खवले दोन्ही असलेलाच हवा, म्हणून कोळंबी, खेकडा आणि शिंपल्या वर्ज्य; प्राण्याची कत्तल प्रशिक्षित व्यक्तीने विहित रीतीनेच केलेली असावी, रक्त खाऊ नये, आणि मांस व दूध एकत्र शिजवू वा खाऊ नये. या शेवटच्या नियमामुळे कोशेर अन्नाचे मांसाचे, दुधाचे आणि दोन्हींपैकी काहीच नसलेले असे तीन वर्ग होतात. तिसऱ्या वर्गाला पार्वे म्हणतात. फळे, धान्ये, भाज्या आणि सुकामेवा हे सारे पार्वे. मांसाहारानंतर दुग्धजन्य पदार्थ खाण्यापूर्वी थांबावे लागते, कित्येक घरांत सहा तास, तर जर्मन ज्यू परंपरेत तीन तास. दुपारी कोशेर मांसाचे जेवण घेतलेल्या पाहुण्याला संध्याकाळच्या बैठकीत पेढा खाता येत नाही तो याच कारणाने. म्हणून भेट पार्वे असलेली केव्हाही चांगली.

आता शाकाहारी पदार्थांकडे वळावे. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यात मांस, मासे व अंडी नाहीत एवढी खात्री देतो, आणि जिलेटीन किंवा कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग यांसारख्या छुप्या प्राणिजन्य घटकांचा प्रश्नही त्याने बराचसा सुटतो. मात्र ज्या गोष्टींवर कोशेर ठरते, त्यांपैकी अनेकांविषयी हा ठिपका काहीच सांगत नाही. त्यांतली पहिली गोष्ट भांडे. ज्यू शास्त्राप्रमाणे भांडे उष्णतेने पदार्थाचा अंश शोषून घेते आणि तशाच उष्णतेने पुढच्या पदार्थात सोडते; ज्या कढईत पूर्वी अग्राह्य पदार्थ शिजला, त्या कढईत निर्दोष साखर आणि डाळ शिजवली तरी पदार्थ कोशेर राहत नाही. दुसरी गोष्ट शिजवणारी व्यक्ती: कच्चे खाता न येणारे आणि मानाच्या पंगतीत शोभणारे पदार्थ शिजवताना ज्यू व्यक्तीचा काही सहभाग असावा लागतो. तिसरी गोष्ट दूध, कारण ते ज्यू व्यक्तीच्या देखरेखीखाली काढलेले असावे असा आग्रह धरणारे अनेक आहेत. चौथी द्राक्ष. ताजे द्राक्ष चालते, पण द्राक्षाचा रस, वाइन आणि तिच्यापासून केलेला सिरका हे निर्मितीपासून ज्यूंच्या हाती असल्याखेरीज धर्मनिष्ठ ज्यूला चालत नाहीत. तेव्हा नाशिकची उत्तम वाइनची बाटली ही व्यापारी वर्तुळात प्रतिष्ठेची भेट असली तरी येथे ती बाजूलाच ठेवावी.

पाचवी गोष्ट नाजूक आहे आणि तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. मराठवाड्यात नव्या व्यवहाराची सुरुवात राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीला नमस्कार करून होते आणि देवापुढे ठेवलेले पेढे आपुलकीने सर्वांना वाटले जातात. एकेश्वरवादी ज्यू धर्मात अन्य उपासनेत अर्पण केलेले अन्न खाण्यास, त्याचप्रमाणे मूर्तीची भेट बाळगण्यास स्पष्ट मनाई आहे. प्रसाद देणाऱ्याचा भाव कितीही निर्मळ असला, तरी घेणाऱ्याची त्यामुळे कोंडी होते. म्हणून नैवेद्याचा पदार्थ आणि गणेशमूर्ती या भेटीत ठेवू नयेत. त्यात आपल्या श्रद्धेला कमीपणा येत नाही. कांदा-बटाटा वर्ज्य करणाऱ्या आणि सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन पाहुण्यासाठी जालन्यातील यजमान आपले ताट जसे सहज बदलतो, तशीच ही काळजी आहे.

महाराष्ट्राला हे नियम अगदी परकेही नाहीत. कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी परंपरा सांगणारा बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवत आला. त्यावरूनच शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी त्यांची गावांवरून आलेली आडनावे अस्सल कोकणी आहेत. खवले नसलेला मासा हा समाज खात नसे, आणि मांसाच्या रश्श्यात दही-दुधाऐवजी नारळाचे दूध घालण्याची त्यांची पद्धत मांस-दूध वेगळे ठेवण्याच्या नियमाशी अचूक जुळते. संकटात आणि शुभप्रसंगी एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने केला जाणारा मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा आणि सोबत ताजी फळे, हा तर एक सुंदर पार्वे पदार्थच आहे. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि दिमोना, लोद, अशदोद या शहरांत आजही मराठी बोलणारी घरे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. एखाद्या जालनेकराचा इस्रायलमधील ग्राहक अशा घरातला निघाला, तर त्याला चिवडा आणि चकली काय असते हे सांगावे लागणार नाही. तो ती खाईल की नाही हे मात्र त्याच्या घरी हे नियम किती पाळले जातात यावर अवलंबून राहील.

तयार पदार्थच द्यायचा असेल, तर निर्णय स्वतःच्या तर्काने न घेता प्रमाणचिन्ह पाहून घ्यावा. कोशेर प्रमाणपत्राला हेख्शेर म्हणतात. धर्मपंडितांची, म्हणजे रब्बींची, संस्था कारखान्यातील कच्चा माल, यंत्रे आणि वाफेची व्यवस्था तपासते, आपला निरीक्षक तेथे अधूनमधून किंवा कायम ठेवते आणि मगच पाकिटावर चिन्ह छापू देते. वर्तुळात रोमन यू हे अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेचे चिन्ह सर्वांत परिचित आहे. त्याशेजारी डी असेल तर पदार्थ दुग्धजन्य, आणि पी असेल तर पेसाह या सणातही चालणारा समजावा. इस्रायलमध्ये रब्बींच्या अधिकृत मंडळाची मान्यता नसताना पदार्थ कोशेर म्हणून विकण्यास १९८३ च्या कायद्याने बंदी घातली. भारतातून निर्यात होणारे मसाले, इसबगोल, गवारगम, सुकवलेला कांदा आणि चहा यांच्या अनेक उत्पादकांनी अशी प्रमाणपत्रे घेतलेली आहेत, त्यामुळे किराणा दुकानातील एखाद्या पाकिटाच्या मागच्या बाजूला हे चिन्ह बारीक अक्षरांत सापडणे अशक्य नाही. केवळ कोशेर हा शब्द छापलेला असून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव वा चिन्ह नसेल, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. पाकीट कारखान्यातून जसे बंद होऊन आले तसेच द्यावे. ते फोडून शोभेच्या परडीत मांडले की प्रमाणपत्राचा उपयोग संपला.

सुकामेव्याचा डबा ही दिवाळीची सर्वांत सोयीची भेट, म्हणून त्यातले जिन्नस जरा जवळून पाहणे इष्ट ठरते. साधे, न तळलेले, मीठ-मसाला न लावलेले बदाम आणि अक्रोड यांना सहसा हरकत घेतली जात नाही. तेच तेलात परतून मसाला लावलेले असतील, तर तेल कोणते आणि कढई कोणती हे प्रश्न लगेच निघतात. बेदाणा साधा दिसतो, पण सांगली-तासगाव भागात द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून काढतात, आणि या तेलातील इथाइल ओलिएट वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हे बेदाण्याकडे पाहून कळत नाही. अंजिराची गोष्ट आणखी वेगळी आहे. कोशेर नियमांत डोळ्यांना दिसू शकणारा कीटक खाणे हे गंभीर उल्लंघन मानले जाते, आणि सुक्या अंजिराच्या आत कीड लपून राहण्याचा संभव मोठा असल्यामुळे धर्मनिष्ठ ज्यू घरांत अंजीर उघडून, उजेडात धरून तपासल्याखेरीज तोंडात घालत नाहीत. खजूर याच रीतीने मधोमध चिरून पाहतात. गूळसुद्धा वाटतो तितका सोपा नाही, कारण गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी काढण्यासाठी रानभेंडीचा रस आणि फेस मोडण्यासाठी तेल वापरले जाते. भेंडीला आक्षेप नाही, पण तेलाचा प्रश्न येथेही उभा राहतोच. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या थरांत कुटला जाई. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली त्यात प्राणिजन्य साहित्य वापरण्यास मनाई केली असली, तरी कोशेर भेटीत वर्ख नसलेलाच बरा.

या साऱ्या शंका जेथे जवळजवळ संपतात, अशी वस्तू जालन्याकडे आहे, आणि ती म्हणजे अखंड, ताजी मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूरला मोसंबीचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील बागा ही जिल्ह्याची खरी ओळख आहे. न कापलेल्या, न शिजवलेल्या फळाला कोशेर प्रमाणपत्र लागत नाही. त्याला भांड्याचा स्पर्श नाही, दूध नाही, तेल नाही. झाडाच्या पहिल्या तीन वर्षांची फळे खाऊ नयेत असा ऑर्ला नावाचा एक नियम तोरामध्ये आहे, आणि इस्रायलबाहेर, शंका असेल तेथे, तो सौम्यपणे लावला जातो; पण मोसंबीच्या बागेत शेतकरी सुरुवातीची वर्षे झाड वाढवण्यातच घालवतो आणि व्यापारी बहर साधारण पाचव्या वर्षापासून धरतो, त्यामुळे ही अडचण प्रत्यक्षात येत नाही. येथील झाडे कलमी असतात, न्यूसेलर जातीचा डोळा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर भरलेला असतो. भिन्न जातींचे कलम बांधणे ज्यू शास्त्राला मान्य नसले, तरी अशा झाडाचे फळ खाण्यास मोकळीक आहे. कलमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो सुक्कोत या सणातील विधीसाठी लागणाऱ्या महाळुंगाच्या बाबतीत, कारण कलमी झाडाचे महाळुंग त्या विधीत बाद ठरते. मोसंबीशी त्याचा संबंध नाही.

मोसंबी द्यायची रीत मात्र महत्त्वाची आहे. दूरच्या बाजारासाठी फळांना चकाकी यावी म्हणून कधीकधी मेणाचा थर देतात आणि त्या मेणाच्या घटकांविषयी काही जण चौकशी करतात. थेट बागेतून उतरवलेले, फक्त पाण्याने धुऊन पुसलेले फळ घेतले की तो प्रश्न राहत नाही. फळे नव्या खोक्यात, कागदात गुंडाळून, अखंडच ठेवावीत. बैठकीत आदरातिथ्य म्हणून रस काढून देण्याचा मोह होतो, पण रसाचे यंत्र, गाळणी आणि पेला यांतून पूर्वी काय गेले हे पाहुण्याला ठाऊक नसते. त्यापेक्षा फळांची टोपली, नवी कोरी सुरी आणि कागदी ताटल्या पुढे ठेवल्या, तर तो स्वतः सोलून निश्चिंतपणे खाऊ शकतो. सालीवर खवले कीड चिकटलेली असू शकते, म्हणून सालीसकट केलेला मुरंबा ही भेट प्रमाणपत्राखेरीज देऊ नये. ही फळे जालन्यात आलेल्या पाहुण्यासाठी आहेत. परदेशी पाठवायची झाली, तर पीक-संरक्षणाचे नियम आडवे येतात आणि इस्रायलसह बहुतेक देशांत फायटोसॅनिटरी, म्हणजे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजी फळे आणि बियाणे नेता येत नाहीत, हे बियाण्यांच्या शहराला वेगळे सांगायला नको. परदेशी टपालासाठी प्रमाणित, बंद पाकिटातील साधा चहा किंवा अख्खे मसाले सोयीचे पडतात.

अखंड फळाचा हाच न्याय जालना जिल्ह्यात होणाऱ्या आणि २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या दगडी ज्वारीला लागू होतो. अख्खे, निवडलेले धान्य चालते, पीठ मात्र कीड आणि गिरणी या दोन्ही कारणांनी शंकेचे. आणि भारतात घर करून राहिलेल्या पाहुण्यालाच तिचा उपयोग. जिल्ह्यातील कडवंची गावची ताजी द्राक्षेही घडासकट देता येतात.

वेळ साधणे हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ असतो, त्या काळात भेट पोहोचवू नये. ज्यू वर्षारंभ, रोश हशाना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. बेने इस्रायल त्याला नव्याचा सण म्हणत. त्या दिवसांत मध आणि सफरचंद खाण्याची, तसेच हंगामातले नवे फळ चाखण्याची प्रथा आहे, आणि नेमका तोच काळ मोसंबीच्या आंबे बहराचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या पुरीमला, बेने इस्रायलांच्या होळीच्या सणाला, एकमेकांकडे निदान दोन प्रकारचे खाद्यपदार्थ पाठवणे हे धर्मकर्तव्यच मानले जाते. तेव्हा मृग बहराची मोसंबी बाजारात असते. त्यानंतर साधारण महिन्याभराने पेसाह येतो. त्या आठवड्यात गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचा आंबवलेला किंवा फुगलेला कोणताही अंश घरात ठेवला जात नाही, आणि युरोपीय मूळ असलेले ज्यू तांदूळ, मका, कडधान्ये, तीळ व मोहरीही टाळतात. म्हणजे चिवडा, शंकरपाळी, तिळाची वडी, बिस्किटे सारे एकदम बाद. अखंड फळ तेव्हाही चालते.

पाहुणा ज्यू आहे म्हणजे तो कोशेर पाळतोच, असे धरून चालणे चूक आहे. इस्रायलमधील पुष्कळ ज्यू हे नियम अंशतः पाळतात किंवा अजिबात पाळत नाहीत, आणि त्या देशाचे सुमारे एक पंचमांश नागरिक अरब आहेत. त्यामुळे त्याला किंवा त्याच्या कार्यालयाला सरळ विचारणे सर्वांत सभ्य. भेटीवर जिन्नस काय, कोठून आणले आणि कोणी बांधले याची छोटी चिठ्ठी लावावी. आग्रह हा मराठी पाहुणचाराचा प्राण असला, तरी पाहुण्याने डबा न उघडता बाजूला ठेवला, तर येथे आग्रह करू नये, कारण त्या क्षणी त्याला आपला धर्म आणि यजमानाचे मन यांतून एक निवडावे लागते. खाद्यपदार्थांची अजिबात खात्री नसेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू शालीचा विचार करावा. लोकर आणि जवसाच्या धाग्याचे मिश्र कापड ज्यू शास्त्रात वर्ज्य आहे, पण हिमरू सूत आणि रेशमाचे विणतात, त्यामुळे ती निःशंक देता येते. स्टीलचा किंवा तांब्याचा डबा द्यायचा असेल, तर तो वापरण्यापूर्वी पाहुणा धर्मविधीनुसार पाण्यात बुडवून घेईल, म्हणून तो नवा आणि रिकामा द्यावा व खाण्याची वस्तू वेगळ्या कागदी खोक्यात ठेवावी.